मासळीच्या धक्क्यावर रंगाची जत्रा

मुंबईत जन्म काढूनही मुंबई न पाहिलेले आपल्यात पुष्कळ आहेत. घर, कामाचे ठिकाण आणि मधली लोकलगाडी, एवढीच त्यांची मुंबई. पाहुणे आले तर राणीची बाग, चौपाटी आणि फार तर गेटवे ऑफ इंडिया. गेटवेच्या पुढे कुलाब्यात आपल्यासारख्याचे काय काम, असे समजून आपण तेथूनच मागे फिरतो. पण त्याच कुलाब्यात, बस आगाराच्या जवळ, पहाटेच्या अंधारात हजारो हात कामाला लागतात आणि बाकीचे शहर पहिला चहा घेत असते तेव्हा त्यांचे निम्मे काम उरकलेले असते. त्या ठिकाणाचे नाव ससून डॉक. मासळीचा हा मोठा धक्का चित्रांसाठी गाजला, परदेशी वर्तमानपत्रांत झळकला, आणि यामागे होती एक रंगाची कंपनी. हे सारे काय होते ते पाहावे म्हणून आमच्या वसाहतीतील काही कुटुंबे २०१७ च्या डिसेंबरात एका रविवारी तेथे गेली. पुढे २०२३ च्या आरंभीही आम्ही पुन्हा जाऊन आलो. त्या दोन फेऱ्यांत जे पाहिले आणि त्यावर घरी बसून जी चर्चा झाली, ती वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आधी डॉकविषयी थोडे. बगदादहून आलेल्या ससून या ज्यू व्यापारी घराण्यातील अल्बर्ट अब्दुल्ला डेव्हिड ससून यांनी समुद्रात भराव घालून ही गोदी बांधली. ती १८७५ साली सुरू झाली. पश्चिम भारतातील ही पहिली बंदिस्त पाण्याची गोदी, म्हणजे भरती असो वा ओहोटी, आतल्या जहाजाला पाणी पुरावे अशी. त्या काळी कापसाचा व्यापार तेजीत होता. पुढे १८७९ मध्ये मुंबई पोर्ट ट्रस्टने ती विकत घेतली. कापूस गेला, आगबोटी दुसऱ्या गोद्यांकडे वळल्या आणि येथे मासळी आली. दरवाज्यापाशी घड्याळाचा जुना दगडी मनोरा अजून उभा आहे. आत कौलारू छपरांच्या जुन्या वखारी, बर्फाचे ढिगारे, हातगाड्या आणि धक्क्याला एकमेकींना खेटून लागलेल्या रंगीबेरंगी बोटी.

आमच्याबरोबर गोदीतून निवृत्त झालेले एक आबा होते. आपल्या समाजातील कितीतरी माणसांनी मुंबईच्या गोद्यांत ओझी वाहिली. आबा मात्र ससून डॉकला नव्हते, ते पूर्वेकडच्या मोठ्या गोदीत होते. तरी आत शिरताच त्यांची चाल बदलली. दोर कसा टाकला आहे, पाटी कुणी कुणाला कशी दिली, हेच ते बघत राहिले. चित्रांकडे त्यांचे लक्ष तासाभराने गेले.

येथील कामाची वाटणी समजून घेण्यासारखी आहे. बोटीवर पुरुष, धक्क्यावर बाया. तांडेल आणि खलाशी मासळी आणतात. ती उतरली की भाव ठरवण्यात, लिलावात आणि विक्रीत कोळणींचा शब्द चालतो. पापलेट, सुरमई, बोंबील, माकूल, कोळंबी यांचे ढीग आणि त्यांवर चाललेली घासाघीस पाहिली, तर व्यापार हा पुरुषांचा प्रांत असे पुन्हा कुणी म्हणणार नाही. त्याच आवारात आणखीही बाया असतात. त्या ओळीने बसून कोळंबी सोलतात. त्यांत परप्रांतांतून आणि दुष्काळी मुलखांतून आलेल्या पुष्कळ जणी आहेत. त्यांची मजुरी वजनावर. बर्फाच्या पाण्यात हात घालून घालून बोटांची कातडी निघते. आमच्यातील एक मावशी त्यांच्यापाशी बसली ती उठेचना. बिडीच्या कारखान्यात तिने स्वतः अशाच नगावर मोजलेल्या मजुरीत उमेदीची वर्षे घालवली होती. त्या दोघींना बोलायला भाषा पुरी पडत नव्हती, पण किती वाजता आलीस, किती सोललेस, किती मिळाले, हे तीन प्रश्न सगळ्या भाषांत सारखेच असतात.

आता चित्रांकडे येऊ.

भारतातील काही तरुणांनी २०१४ साली ‘स्टार्ट इंडिया फाउंडेशन’ नावाची संस्था काढली. कला ही दालनात, काचेमागे, श्रीमंतांच्या दिवाणखान्यात न राहता रस्त्यावर सर्वांना पाहता यावी, असा त्यांचा उद्देश. संस्थापकांत हनीफ कुरेशी, जुलिया अंब्रोजी, अर्जुन बहल, अक्षत नौरियाल, थॅनिश थॉमस अशी मंडळी होती. कुणी जाहिरातीच्या धंद्यातून आलेले, कुणी चलच्चित्रातून, एक बाई तर इटलीची. त्यांनी सरकारी कचेऱ्यांच्या, वसाहतींच्या, रेल्वेजवळच्या इमारतींच्या मोठमोठ्या भिंती निवडल्या आणि देशी-परदेशी चित्रकारांकडून त्या रंगवून घेतल्या. एवढ्या उंच भिंतींना लागणारा रंग, पाळणे, यंत्रे आणि माणसे यांचा खर्च कोण करणार? तो भार उचलण्यात मोठा वाटा राहिला एशियन पेंट्स कंपनीचा. कार्यक्रमाच्या नावातच कंपनीचे नाव जोडलेले असे.

येथेच आमच्या वसाहतीतील चर्चा तापली. एकाचे म्हणणे, मग ही कला कसली, ही तर जाहिरात. दुसऱ्याचे म्हणणे, पैसा कुठूनही येवो, चित्र चांगले आहे ना? दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते, म्हणून जाहिरातीची ही नवी तऱ्हा आम्ही जरा मुळातून समजून घेतली.

जुनी जाहिरात बोलत असे. एशियन पेंट्सचीच घ्या. ही कंपनी १९४२ साली मुंबईत चार मित्रांनी सुरू केली. १९५४ मध्ये व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांनी तिच्यासाठी ‘गट्टू’ काढला. हातात ब्रश आणि रंगाचा डबा, कपाळावर केसांची बट, असा तो खोडकर पोरगा आपल्या पिढीने दुकानादुकानांवर पाहिलेला आहे. गट्टू सांगायचा, हा रंग घ्या. आपण ऐकायचो, परवडला तर घ्यायचो, नाहीतर दिवाळीला चुन्यात नीळ घालून भिंती उजळायचो. २००० नंतर कंपनीने गट्टूला निवृत्त केले.

नवी जाहिरात सांगत नाही, ती आपल्याला तिच्या आत नेऊन उभी करते. तिला अनुभवाची जाहिरात म्हणतात. याचे सर्वांना कळेल असे उदाहरण २०१३ च्या अलाहाबादच्या कुंभमेळ्यातले. लाईफबॉय साबणवाल्यांनी तेथील भोजनालयांतल्या पोळ्यांवर गरम ठशाने एक ओळ उमटवली. हात धुतलेत का, अशा अर्थाची. अशा २५ लाख पोळ्या वाटल्या गेल्या. शाई नाही, कागद नाही, नुसता भाजल्याचा डाग. घास तोंडात घालण्याआधी माणूस ती ओळ वाचणारच. फलक चुकवता येतो, हातातली पोळी कशी चुकवणार? युक्ती बिनतोड होती, हे कबूल केले पाहिजे. ताटातल्या घासावर कंपनीची मोहर असावी का, हा प्रश्न मात्र आमच्या घरातील बायकांनी लगेच विचारला, आणि त्याला आमच्याकडे उत्तर नव्हते.

ससून डॉकमध्येही तेच तत्त्व होते, पण फार संयमाने वापरलेले. रंगाचे भाव सांगणारा कुणी उभा नव्हता. आत जायला तिकीट नव्हते. जुन्या वखारींच्या अंधाऱ्या खोल्यांतून तुम्ही चालत जायचे, रंग तुमच्या चारी बाजूंनी. घरी परतल्यावर आपल्या भिंतीकडे पाहून मन म्हणणारच की ही किती फिकट झाली आहे. तेवढे झाले की जाहिरातीचे काम झाले. यात फसवणूक आहे असे आम्हांला वाटत नाही, पण आपण पाहुणे म्हणून आलो आहोत की गिऱ्हाईक म्हणून, हे पाहणाऱ्याने ओळखून असावे.

त्या वर्षीच्या दोन कलाकृती आमच्यातील लहानथोर सर्वांच्या लक्षात राहिल्या. पहिली सिंगापूरच्या टॅन झी शी या चित्रकर्तीची, ‘प्लास्टिकचा समुद्र’. तिने २०१६ मध्ये सिंगापूरच्या कला संग्रहालयात प्रथम ती मांडली होती, तेव्हा प्लास्टिकच्या २६ हजारांहून अधिक टाकाऊ वस्तू वापरल्या होत्या. येथे एका खोलीत शिरलो तर डोक्यावर सारे प्लास्टिक लोंबकळत होते. बाटल्या, झाकणे, डबे, पिशव्या. मान वर केली की आपण समुद्राच्या तळाशी उभे आहोत आणि वर कचरा तरंगतो आहे, असे वाटावे. पोरे आधी हसली, मग गप्प झाली. आमच्या गटात महापालिकेच्या सफाई खात्यातील एक भाऊ होते. ते म्हणाले, “हे मी रोज बघतो, फक्त खालून नाही, वरून.” बाहेर धक्क्यावर जाळी साफ करणारा खलाशी जाळ्यातून तेच काढून बाजूला टाकीत होता. आतली कला आणि बाहेरचे काम यांच्यात एका भिंतीचे अंतर होते. हा देखावा एखाद्या वातानुकूलित दालनात असता तर त्याचे निम्मे बळ गेले असते.

दुसरी गोष्ट म्हणजे माणसांचे चेहरे. जेआर या नावाने काम करणाऱ्या फ्रेंच कलावंताने २०११ पासून जगभर एक उपक्रम चालवला आहे. सामान्य माणसांची काळी-पांढरी छायाचित्रे मोठ्या कागदांवर छापायची आणि त्यांच्याच गावातल्या भिंतींवर चिकटवायची. तो उपक्रम डॉकवर झाला आणि तेथे राबणाऱ्यांचे, कोळणींचे, खलाशांचे चेहरे भिंतींवर चढले. मुंबईच्या भिंतींवर आजवर कोणाचे चेहरे पाहिले? नेत्यांचे, नटनट्यांचे, वाढदिवसाच्या दादांचे. डोक्यावर पाटी घेतलेली बाई भिंतीवर कधी दिसत नव्हती. येथे ती आपल्याच चेहऱ्याखालून पाटी घेऊन जात होती. एक कोळीण थांबून शेजारणीला वरचे चित्र दाखवीत काहीतरी म्हणाली आणि दोघी पोट धरून हसल्या. काय म्हणाली ते आम्हांला कळले नाही, कळण्याची गरजही नव्हती.

तरी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. त्या दिवशी कुलाब्याकडून, मलबार हिलकडून, परदेशातून आलेले पुष्कळ लोक होते. चित्रापुढे उभे राहून फोटो काढायचे आणि चित्र संपले की नाकाला रुमाल. ज्या बाईच्या भिंतीवरील चेहऱ्याला वाहवा, तीच बाई जवळून गेली की अंग चोरायचे. कामाच्या वासावरून माणसाची पायरी ठरवण्याची खोड आपल्या देशाला फार जुनी आहे, आणि ती कुणाच्या वाट्याला आली हे आपल्या वाचकांना निराळे सांगायला नको. मासळीचा वास मासळीला येणारच. दोन घटकांनी नाकाला त्याची सवय होते. आमच्या पोरांना झाली, त्यांनी तेथेच धक्क्यावर बसून डबे उघडले.

भिंतीवरील ही भव्य चित्रे कशी काढतात, याचे आमच्यातील एका काकांना सर्वांत जास्त कुतूहल. काका हे पेंटर. वसाहतीच्या कमानीपासून लग्नाच्या पाट्यांपर्यंत आणि एप्रिलमधील जयंतीच्या फलकांपासून रिक्षाच्या पाठीपर्यंत आमच्या भागातील सारी अक्षरे एके काळी त्यांच्या हातची. त्यांनी तेथे काम करणाऱ्या एका पोराला गाठले आणि अर्धा तास सोडले नाही. पद्धत अशी. भिंत आधी खरवडून, भेगा बुजवून तिला प्राथमिक थर देतात. मग छोट्या चित्रावर चौकोन आखून तेच चौकोन भिंतीवर मोठे करतात, किंवा रात्री अंधारात यंत्राने भिंतीवर प्रकाशचित्र टाकून त्याच्या कडा गिरवतात. उंचावर जायला पाळणा किंवा वर-खाली होणारी यंत्राची फळी. रंग घराच्या बाहेरून देतात तोच, पाण्यात मिसळणारा. चौकोनांची रीत ऐकून काका खूष झाले. सिनेमाची पोस्टरे रंगवणारे त्यांचे उस्तादही असेच करीत. म्हणजे परदेशातून विमानाने आलेला कलावंत आणि लालबागचा पोस्टरवाला यांची विद्या एकच निघाली.

रंगाच्या कंपनीला यात काय मिळते तेही काकांनीच सांगितले. उघड्यावरची भिंत, समोर समुद्र, खारा वारा, चार महिने पाऊस. त्यावर चित्र दोन-चार वर्षे टिकले तर रंगाच्या टिकाऊपणाचा याहून मोठा दाखला कोणता? दुकानात बोटाएवढी पट्टी दाखवतात, येथे आख्खी इमारतच नमुना.

काकांचा स्वतःचा धंदा मात्र फ्लेक्सने बसला. यंत्रातून रात्रीत दहा फलक निघू लागले तेव्हा हाताने अक्षर लिहिणाऱ्याला कोण विचारतो? देशभर हजारो पेंटरांचे असेच झाले. कुणी घरांना रंग द्यायला लागला, कुणी वॉचमन झाला. म्हणून आम्हांला हनीफ कुरेशी यांच्या आणखी एका कामाविषयी येथे लिहावेसे वाटते. गुजरातमध्ये वाढलेला आणि बडोद्याला शिकलेला हा कलावंत जाहिरातीच्या बड्या कंपन्यांत काम करीत होता. फ्लेक्समुळे रस्त्यावरची हस्ताक्षरे पुसली जात आहेत हे पाहून त्यांनी गावोगावच्या पेंटरांकडून अक्षरांचे पूर्ण संच लिहवून घेतले आणि संगणकावर वापरता येतील असे केले. त्या संचांना नाव दिले ते स्वतःचे नव्हे. एकाचे नाव ‘पेंटर कफील’, एकाचे ‘पेंटर उमेश’. ज्याचे अक्षर, त्याचे नाव. कुरेशी २०२४ च्या सप्टेंबरात कर्करोगाने वारले. वय अवघे एक्केचाळीस. ही बातमी काकांना सांगितली तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “आमच्यासारख्यांची अक्षरे सांभाळणारा माणूस होता म्हणायचा.”

आणखी एका कलावंताची हकिकत आमच्या तरुणांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. वांद्रे रेक्लमेशनजवळ टेलिफोन खात्याच्या उंच इमारतीवर २०१४ मध्ये दादासाहेब फाळके यांचे प्रचंड चित्र निघाले. ते काढणारे रणजित दहिया हे हरयाणातील एका गावचे. घरांना चुना-रंग देण्याच्या कामापासून त्यांची सुरुवात झाली. तेथून चंडीगढचे कला महाविद्यालय, मग अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था, आणि मुंबईत येऊन सिनेमाच्या नटनट्यांची चित्रे रस्त्यावरील भिंतींवर रंगवण्याचा त्यांनी स्वतःचा उपक्रम उभा केला. भिंत तीच, ब्रश तोच. मध्ये शिक्षण आले.

मात्र एका पेंटरचा कलावंत झाला म्हणजे साऱ्यांचे झाले असे नाही. पाळण्यावर लटकून भिंत खरवडणाऱ्या मजुराचे नाव कोणत्याच भिंतीवर नसते. चित्राच्या भिंतीवरही नाही, मोठमोठ्या टॉवरवरही नाही. आमच्या आबांनी या बाबतीत नाशिकच्या लेण्यांची आठवण काढली. त्रिरश्मी लेण्यांत, ज्यांना लोक पांडवलेणी म्हणतात, एका लेण्यावर ते दान देणाऱ्याचे नाव कोरले आहे. तो मुगुदास नावाचा कोळी, मासे धरणारा. कार्ल्याच्या चैत्यगृहातही धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने दार केल्याचा लेख आहे. तेथेही राजे आणि व्यापारी दानशूर होतेच, पण त्यांच्याच बरोबरीने कोळी आणि सुतार यांची नावे दगडावर आहेत. कंपनीने पैसा दिला म्हणून तिचे नाव लागले यात वावगे काही नाही. कोळ्याचे नावही लागू शकते, हे दोन हजार वर्षांपूर्वी या मुलखात झालेले आहे, एवढेच आबांना सांगायचे होते.

डिसेंबर २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात डॉकवर पुन्हा मोठा उत्सव झाला. या वेळी त्याला मुंबईच्या नागरी कला उत्सवाचे रूप होते. विषय समुद्र आणि शहर यांच्यामधला. गर्दी पहिल्यापेक्षा जास्त, हातांतील मोबाइलही जास्त. चित्र पाहण्यापेक्षा चित्रापुढे आपण कसे दिसतो हे पाहणारे फार. २०१७ चे कागदी चेहरे आता नव्हते. कागद पावसाला किती दिवस तोंड देणार? पण आम्ही गेलो ती सकाळ कोळंबी सोलणाऱ्यांच्या हंगामाची होती आणि मावशी पुन्हा त्यांच्या ओळीत जाऊन बसली. पाच वर्षांत मजुरीचा दर किती वाढला, एवढेच तिला हवे होते. ऐकून ती नाराज झाली.

अशा चित्रांनी एखाद्या वस्तीचे भले होते की नाही, याबद्दल आमचे एकमत झाले नाही. दिल्लीत लोधी कॉलनीत २०१५ पासून याच संस्थेने पन्नासाहून अधिक भिंती रंगवल्या. ही १९४० च्या दशकात बांधलेली सरकारी नोकरांची वसाहत. आता तेथे लोक मुद्दाम चालत चित्रे पाहायला जातात. आमचे एक नातेवाईक दिल्लीला सरकारी नोकरीत आहेत. त्यांच्या मते वसाहतीची शान वाढली, पोरे अभिमानाने पत्ता सांगतात. माहीम पूर्वेलाही रेल्वेच्या डब्यातून दिसणाऱ्या इमारतींवर अशी चित्रे आहेत. लोकलमध्ये चेंगरून उभ्या माणसाला दोन क्षण तेवढाच विसावा. हे खोटे नाही.

पण शंका घेणारेही काही खोटे बोलत नाहीत. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरील बंदराच्या जमिनीचे काय करायचे, यावर २०१४ साली राणी जाधव समितीने अहवाल दिला. तेव्हापासून त्या जमिनीवर उद्याने, पर्यटन, करमणूक यांचे आराखडे निघत आहेत. शहराला मोकळी जागा हवी आहे, यात वाद नाही. मात्र गिरणगावात काय झाले ते आपण डोळ्यांनी पाहिले. आधी गिरणीचा भोंगा बंद पडला, मग गिरणीची चिमणी ‘पुरातन वारसा’ ठरली आणि तिच्या भोवती काचेचे मनोरे उभे राहिले. चिमणी राहिली, गिरणी कामगार गेला. धक्क्याबाबतही तीच भीती वाटते. वखार सुंदर दिसू लागली की तिचा मासळीसाठी उपयोग करणे कुणाला तरी खुपू लागेल. भिंतीवर कोळणीचे चित्र आणि कोळीण दुसरीकडे, असे होऊ नये. चित्रकार हे ठरवत नाहीत आणि रंगाची कंपनीही ठरवत नाही. पण ज्या भिंतीवर रंग चढतो तिच्या सावलीत बसणाऱ्यांना आधी विचारले गेले पाहिजे. ब्रश लावण्यापूर्वीही आणि आराखडा काढण्यापूर्वीही.

कोळी समाजातून स्वतःची कथा स्वतः मांडणारे कलावंत आता पुढे येत आहेत, ही त्यातली चांगली गोष्ट. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातील पराग तांडेल आणि कदंबरी कोळी-तांडेल यांनी आपल्या समाजाच्या वस्तू, आठवणी आणि ज्ञान गोळा करणारा ‘तांडेल फंड ऑफ आर्काइव्ह्ज’ उभा केला आहे. बाहेरच्याने आपल्याला पाहणे वेगळे आणि आपणच आपल्याला मांडणे वेगळे. आमच्या पेंटर काकांच्या जुन्या फलकांचे फोटो वसाहतीतल्या पोरांनी जमवायला घेतले आहेत, ते ही माहिती वाचल्यावरच. आतापर्यंत चोवीस सापडले. एक तर कुणाच्या तरी लग्नाच्या अल्बममध्ये मंडपामागे होता.

ज्यांना ससून डॉक पाहायचे असेल त्यांच्यासाठी दोन शब्द. चित्रांचा उत्सव बारा महिने नसतो, धक्का मात्र कामाचा आहे, तो पाहायला उत्सव लागत नाही. चर्चगेट किंवा छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरून कुलाब्याची बस धरावी आणि बस आगारापाशी उतरावे. पहाटे गेलात तरच लिलाव दिसेल, आठनंतर नुसते बर्फाचे पाणी. जून आणि जुलै हे दोन महिने मासेमारीला बंदी असते, तेव्हा जाऊ नये. फरशी फार निसरडी असते म्हणून रबरी चप्पल घालावी आणि लहान मुलांचा हात सोडू नये. फोटो काढण्याआधी विचारावे. बाया नाही म्हणाल्या तर मोबाइल खिशात ठेवावा. मासळी घ्यायची असेल तर घरून पिशवी न्यावी, आणि भाव करताना हे विसरू नये की समोरची बाई रात्री तीनला उठून आलेली आहे.